‘आरव्ही’ लावावं की ‘वेधनौका’? कल्पित विश्वातल्या संशोधन जहाजांच्या नावाआधीच्या अक्षरांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही विज्ञान कादंबरी लिहिताय, काळ तेविसाव्या शतकातला. आठ विद्यापीठांच्या एका संघाकडे पाच संशोधन जहाजं आहेत आणि ती शनीच्या चंद्रांपर्यंत ये-जा करतात. जहाजांवर शस्त्रं नाहीत, माणसं नागरी आहेत, पण आजूबाजूला दोन ग्रहांची आरमारं एकमेकांवर डोळे वटारून उभी आहेत. पाचही नावांआधी तुम्ही ‘आयएसएस’ लावलं होतं. एका वाचकाने दाखवून दिलं की ही अक्षरं १९९८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची आहेत. आता तुम्हाला असा प्रीफिक्स हवाय जो नागरी वाटेल, संशोधनाचा वाटेल आणि हास्यास्पद वाटणार नाही.

मी बरीच वर्षं जहाजांवर डेक अधिकारी होतो, त्यातली शेवटची काही संशोधन जहाजांवर काढली. किनाऱ्याला लागल्यापासून मित्रमंडळींच्या विज्ञानकथांची बाडं वाचतो. बहुतेक बाडांमध्ये ही अक्षरं दारावरच्या पाटीसारखी निवडलेली असतात, दिसायला कशी दिसतात एवढ्यावर. म्हणजे सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. अक्षरं सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी हे ठरवा की या जहाजाने कुठे घोळ घातला तर जाब कुणाला विचारायचा. प्रीफिक्स हे त्या प्रश्नाचं दोन-तीन अक्षरांतलं उत्तर असतं. उत्तरच ठरलेलं नसेल तर अक्षरं कितीही देखणी घ्या, तिसऱ्या प्रकरणात ती पोकळ वाटायला लागतात.

लढाऊ जहाजांचं उत्तर सरळ असतं. ‘एचएमएस’ म्हणजे राजाचं किंवा राणीचं जहाज, म्हणून जाब राजाला विचारा. ‘यूएसएस’, म्हणजे युनायटेड स्टेट्स शिप, आज आपल्याला अनादि वाटतं, पण अमेरिकी आरमारात ते एकसारखं वापरायचं असा आदेश राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काढला तो १९०७ साली. त्याआधी ज्याला जे सुचेल ते लिहिलं जाई. आपल्याकडे ‘एचएमआयएस’चं, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या भारतीय जहाजाचं, ‘आयएनएस’ झालं ते २६ जानेवारी १९५० रोजी. पत्रे तेच, तोफा त्याच, खलाशीही बहुतेक तेच; जाब विचारायचं ठिकाण तेवढं बदललं, आणि ते बदललं हे जगाला कळलं अक्षरांवरून.

तुमच्या विश्वाच्या इतिहासातही अशी एखादी तारीख असू द्या. पाचांपैकी एखादं जहाज त्या तारखेच्या आधीचं असेल, तर त्याच्या अंगावर जुनी अक्षरं रंगाखालून पुसट दिसतील. दोन पानांच्या इतिहासकथनाचं काम तेवढ्यात होतं.

व्यापारी जहाजांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या अक्षरांतून इंजिन कळतं. वाफेवर चालणारं ‘एसएस’, मोटरवर चालणारं ‘एमव्ही’, आणि अणुभट्टीवर चालणाऱ्या ‘सव्हाना’चं ‘एनएस’. ‘सव्हाना’ १९५९ साली पाण्यात उतरली. अणुशक्तीवर चालणारी मालवाहू जहाजं जगात मोजून चार बांधली गेली, त्यातली ती पहिली. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना हा मोह फार पडतो. फ्यूजनचं अमुक, प्लाझ्माचं तमुक, आणि मग चार-चार अक्षरांची रांग. माझं मत विचाराल तर हे टाळा. शिडाच्या जहाजांमध्ये वाफेचं जहाज नवीन होतं तेव्हा प्रवाशाला ते सांगण्यात अर्थ होता, कारण वाऱ्याची वाट न बघता पोचायची खात्री त्या दोन अक्षरांत होती. सगळ्यांकडे तेच इंजिन आलं की अक्षरं फक्त सवयीने उरतात. आज ‘एमव्ही’ ऐकून कुणी मोटरचा विचार करत नाही. तुमच्या कथेत दोन प्रकारची इंजिनं खरोखर एकमेकांशी स्पर्धा करत असतील तरच हा मार्ग घ्या.

संशोधन जहाजांनी तिसरी वाट घेतली, आपलं काम सांगायची. ‘आरव्ही’ म्हणजे रिसर्च व्हेसल. ब्रिटिशांचं ‘आरआरएस’, त्यातला पहिला ‘आर’ रॉयल. जर्मन लोक ‘एफएस’ लावतात, फोर्शुंग्सशिफचं लघुरूप. फ्रेंचांचं ‘एनओ’, स्पॅनिशांचं ‘बीओ’, रशियनांचं ‘निस’. हे सगळे आपापल्या भाषेत एकच गोष्ट सांगतायत. जगभर चालेल असं एक लघुरूप कुणी ठरवलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. कादंबरीसाठी यात मोठी सोय आहे. दोन ग्रहांच्या भाषा वेगळ्या असतील तर त्यांच्या संशोधन जहाजांची अक्षरंही वेगळी असू द्या, पण अर्थ तोच ठेवा. कधीतरी एखादं पात्र सहज म्हणेल, “अरे, तुमचंही तेच आहे की!” आणि त्या एका वाक्यात बरंच काही होऊन जाईल.

अक्षरं किती असावीत? आपल्याच जहाजांकडे बघा. १९८३ साली जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ ही ‘ओआरव्ही’, ओशन रिसर्च व्हेसल. ‘सागर संपदा’ मासेमारीचाही अभ्यास करते म्हणून ती ‘एफओआरव्ही’. ही अक्षरं कागदावर बिनचूक आहेत, पण घाईत चार वेळा म्हणून बघा. चौथं अक्षर आलं की समजावं, ही अक्षरं जहाजावरच्या माणसाने निवडलेली नाहीत, कुठल्या तरी कचेरीत फायलीवर बसून निवडलेली आहेत. अर्थात तुमचा विद्यापीठ संघ तसाच फायलीवाला असेल तर मुद्दाम पाच अक्षरं द्या आणि खलाशांना ती कधीच पूर्ण म्हणू देऊ नका. एरवी दोन पुरेत, तीनपर्यंत चालतं.

आता खरा गुंता, नागरी म्हणजे नेमकं काय? बहुतेक लेखक इथे मालकी बघतात. आरमाराच्या मालकीचं ते लढाऊ, विद्यापीठाच्या मालकीचं ते नागरी. प्रत्यक्षात तसं नाही. ‘आरव्ही नील आर्मस्ट्राँग’ या जहाजाची मालकी अमेरिकी आरमाराकडे आहे, पण ते चालवते वुड्स होल ही सागरविज्ञान संस्था, आणि नावाआधी साधं ‘आरव्ही’. याच्या उलट आपली ‘आयएनएस सागरध्वनी’. काम पाण्याखालच्या ध्वनीच्या संशोधनाचं, शास्त्रज्ञ डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे, पण जहाज चालवतं नौदल, म्हणून ‘आयएनएस’. या दोघांच्या मधली एक जातही आहे. जहाज अमेरिकी आरमाराचं, पण खलाशी नागरी, असं असलं की ‘यूएसएनएस’ लागतं. आरमाराची सर्वेक्षण जहाजं आणि रुग्णालय जहाजं त्यात येतात.

म्हणजे मालकीपेक्षा कप्तानाला हुकूम कोण देतं यावर प्रीफिक्स ठरतो. तुमची कप्तान माजी आरमारी अधिकारी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याने अक्षरं बदलत नाहीत. पण युद्धाच्या काळात आरमाराने तिच्या हाती हुकूम ठेवला आणि तिने तो पाळला, तर त्या क्षणापासून जहाजावर रंगवलेली अक्षरं खोटी ठरतात. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात तापलेला प्रसंग मला तिथे दिसतो. प्रीफिक्स खरवडून काढायचा की तसाच ठेवून लपायचं, हा वाद जहाजावरच्या शास्त्रज्ञांमध्ये पेटू द्या.

याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १७७९ च्या मार्चमध्ये, इंग्लंडशी युद्ध चालू असताना, पॅरिसमधले अमेरिकी प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन यांनी अमेरिकी कप्तानांना एक पत्र लिहिलं. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक शोधमोहिमेवरून परतताना भेटला तर त्याचं जहाज पकडू नका, त्याला मदत करा, असं त्यात होतं. कुक त्याआधीच, फेब्रुवारीत, हवाईत मारला गेला होता. बातमी युरोपात पोचायची होती. शनीपर्यंत रेडिओ संदेश पोचायलाही तासाहून जास्त लागतो, तेव्हा महिन्यांऐवजी तासांच्या मापाने हा प्रसंग तुमच्या सूर्यमालेत बसतो.

पुढे हेच संकेत कागदावर आले. १९०७ च्या हेग परिषदेच्या अकराव्या करारातलं चौथं कलम सांगतं की धार्मिक, वैज्ञानिक किंवा परोपकारी कामावर असलेली जहाजं युद्धात जप्त करायची नाहीत. तेव्हा ‘आम्ही संशोधन जहाज आहोत’ हे वाक्य एक प्रकारचं चिलखत आहे. चिलखत म्हटलं की ते चोरून घालणारेही आलेच. अमेरिकेचं ‘प्युब्लो’ जहाज २३ जानेवारी १९६८ रोजी उत्तर कोरियाने पकडलं. आरमाराच्या यादीत त्याचा वर्ग होता पर्यावरण संशोधनाचं साहाय्यक जहाज, काम होतं रेडिओ संदेश चोरून ऐकण्याचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, यातलाच प्रकार. एक खलाशी मारला गेला, उरलेले ब्याऐंशी जण अकरा महिने कैदेत होते आणि जहाज आजही उत्तर कोरियाच्याच ताब्यात आहे.

त्याहून मासलेवाईक गोष्ट ‘आरव्ही नॉर’ची. १९८५ साली याच जहाजावरून ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडले. मोहिमेचा पैसा अमेरिकी आरमाराचा होता, आणि त्यामागे बुडालेल्या दोन अणुपाणबुड्यांची, ‘थ्रेशर’ आणि ‘स्कॉर्पियन’ यांची, गुप्त पाहणी होती. ती उरकल्यावर उरलेल्या दिवसांत ‘टायटॅनिक’ शोधलं गेलं. म्हणजे अक्षरंही खरी आणि गुपितही खरं! तुमच्या पाच जहाजांपैकी निदान एकाच्या बाबतीत वाचकाला ही शंका आली पाहिजे. ‘आरव्ही’ दिसलं की बंदरातले लोक नि:श्वास सोडतात की भुवया उंचावतात, हे जहाजागणिक ठरवा. चीनचं ‘युआन वांग ५’ ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आलं तेव्हा चीनच्या लेखी ते संशोधन जहाज होतं आणि भारताच्या लेखी उपग्रह-क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारं. जहाज एकच.

इथे एक कायदेशीर खुबी सांगून ठेवतो, कारण ती मला कुठल्याच बाडात भेटलेली नाही. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आत, संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते आणि तपशील सहा महिने आधी द्यावा लागतो. जहाजाचं नाव, प्रकार, टनेज, कोणती उपकरणं, कुठे, कधी, कोणत्या संस्थेच्या वतीने, प्रमुख कोण. शिवाय त्या देशाला आपला माणूस जहाजावर पाठवायचा हक्क असतो. या माणसाची जागा मोठी गमतीची असते. तो शास्त्रज्ञांबरोबर जेवतो, सगळं बघतो, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की तो कशासाठी आलाय. मंगळाच्या हद्दीत शिरणाऱ्या तुमच्या जहाजावर असा एक मंगळवासी ठेवा. प्रीफिक्समुळे जहाजाला मिळणाऱ्या सवलतीची ही किंमत आहे.

प्रीफिक्स सगळीकडे बोलला जात नाही, हेही लक्षात घ्या. समजा, तुमच्या एका जहाजाचं नाव ‘अगस्ती’ आहे. नवख्या लेखनात पात्रं प्रत्येक वाक्यात “आरव्ही अगस्तीवर चल”, “आरव्ही अगस्तीचं इंजिन” असं बोलतात. असं कुणी बोलत नाही. एकाच जहाजाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी येतं. नोंदवहीत:

“०४१० वा. आरव्ही ‘अगस्ती’. टायटनच्या कक्षेत प्रवेश. मोजणीची तार सोडण्यास सुरुवात.”

रेडिओवर अक्षरं जाऊन पूर्ण शब्द येतात, कारण खरखरीत ‘व्ही’, ‘बी’, ‘डी’, ‘पी’ सगळे सारखेच ऐकू येतात:

“टायटन ट्रॅफिक, टायटन ट्रॅफिक, रिसर्च व्हेसल अगस्ती. आमच्या मागे वीस किलोमीटर तार आहे. मागून ओलांडू नका.”

आणि मेसमध्ये:

“म्हातारी आज परत कुरकुरतेय रे. पंप बघ.”

वीस किलोमीटर तार ही माझी कल्पना नव्हे. १९९६ साली ‘कोलंबिया’ शटलमधून अशीच तार सोडली होती, जवळजवळ वीस किलोमीटर बाहेर गेली आणि तुटली. तारेवरून आठवलं. एकदा रात्रीच्या पाळीत आम्ही चार नॉटच्या वेगाने सर्वेक्षण करत होतो, मागे दीड किलोमीटर केबल. समोरून एक मालवाहू जहाज सरळ आमच्या शेपटावर यायला लागलं. मी रेडिओवर तीनदा सांगितलं की आम्ही संशोधन जहाज आहोत. पलीकडून शांतपणे “येस, गुड मॉर्निंग” आलं आणि दिशा जशीच्या तशी राहिली. मग आमच्या कप्तानाने माझ्या हातातून माईक घेतला आणि एवढंच म्हटलं, “माझ्यामागे दीड किलोमीटर केबल आहे, ती तुमच्या पंख्यात अडकेल.” दोन मिनिटांत ते जहाज वळलं. प्रीफिक्सने कुणी वळत नाही. समुद्रावर म्हणूनच अशा जहाजाने रात्री लाल-पांढरा-लाल असे एकाखाली एक तीन दिवे लावायचे आणि दिवसा गोळा-चौकट-गोळा टांगायचा, असा नियम आहे. त्याचा अर्थ मला पटकन वळता येत नाही, तुम्ही वळा. संशोधन, केबल दुरुस्ती, गाळ उपसणं, सगळ्यांना तेच दिवे.

अंतराळात याच्या जोडीचं काहीतरी हवं, आणि ते नावाआधी लावण्यापेक्षा नावामागे लावलेलं बरं. विमानांत ही पद्धत आहे. मोठं विमान रेडिओवर आपल्या नावामागे ‘हेवी’ म्हणतं, ए-३८० ‘सुपर’ म्हणतं, म्हणजे मागच्याला कळतं की या विमानामागे हवेत जोरदार भोवरे असतील. तुमच्या जहाजाने तार सोडली असेल किंवा रेडिओ-दुर्बीण चालू असल्यामुळे त्याला आजूबाजूला शांतता हवी असेल, तर नावामागे एक शब्द जोडायचा, काम संपलं की काढायचा. “अगस्ती, मौन.” त्यानंतर सगळ्यांनी आपापले प्रक्षेपक बंद करायचे. कुणी बंद केला नाही तर तुमच्या हाती एक प्रकरण आलं.

आता भाषेकडे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला न पडणारे तीन प्रश्न मराठीत पडतात.

पहिला लिंगाचा. ‘विक्रांत’ हे नाव पुल्लिंगी, तरी आपण “आयएनएस विक्रांत दाखल झाली” असं लिहितो, कारण मनात ‘युद्धनौका’ हा शब्द असतो. म्हणजे प्रीफिक्समागे जो मराठी शब्द लपलाय तो क्रियापद ठरवतो. नौका असेल तर ‘निघाली’, जहाज किंवा यान असेल तर ‘निघालं’. आता ‘अगस्ती निघाला’ लिहिलंत तर वाचकाला दाढीवाले ऋषी चालताना दिसतील. हे पहिल्या पानाआधी ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा. एका बाडात एकच जहाज पंचविसाव्या पानावर ‘ती’, चाळिसाव्यावर ‘ते’ आणि शेवटी स्फोटात ‘तो’ झालेलं मी वाचलंय.

दुसरा प्रश्न टिंबांचा. ‘आर. व्ही. अगस्ती’ असं लिहिलंत की ते निवृत्त मुख्याध्यापकांचं नाव वाटतं. टिंबं नकोत. अमेरिकी लोक मधे तिरकी रेघ मारतात, तीही देवनागरीत डोळ्यांना खुपते. ‘आरव्ही’ एकत्र लिहा, आणि जहाजाचं नाव कागदपत्रांत अवतरणात, संवादांत मोकळं. ‘आरव्ही जहाज’ असंही लिहू नका, त्यात जहाज दोनदा येतं. आणि हो, अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हणजे सुट्टीत फिरायची घरगाडीसुद्धा. मराठी वाचकाला त्याने फरक पडत नाही.

तिसरा आणि महत्त्वाचा प्रश्न म्हणजे इंग्रजी अक्षरं हवीतच कशाला? मराठीत लघुरूपं आद्याक्षरांची होतात आणि शब्दासारखी उच्चारली जातात. मनपा, मसाप, अंनिस. तशी ‘संशोधन नौका’ची ‘संनौ’ होते, आणि ‘आंतरग्रहीय संशोधन नौका’ची ‘आंसंनौ’, जी उच्चारताना शिंक आल्यासारखी वाटते. ‘शोधनौका’ गोड आहे, पण आपल्याकडे ‘शोध व बचाव’ इतकं रुळलंय की वाचकाला ती बुडालेल्यांना शोधायला निघालेली नौका वाटेल. माझी पसंती ‘वेधनौका’ला. ‘वेधशाळा’ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. ‘वेध घेणे’त निरीक्षण आहे आणि ‘वेध लागणे’त ओढ आहे. लघुरूप करू नका, जर्मन लोक ‘एफएस’ऐवजी कधीकधी जसं पूर्ण ‘फोर्शुंग्सशिफ’ लिहितात तसा पूर्ण शब्द लिहा: वेधनौका ‘अगस्ती’. शब्द स्त्रीलिंगी असल्याने क्रियापदाचा घोळही मिटतो.

अडचण एकच. पात्रं जर अनेक भाषांची असतील आणि कथेतल्या जगात मराठी ही त्यांची समाईक भाषा नसेल, तर ‘आरव्ही’ अधिक खरं वाटेल. मग निवेदनात ‘वेधनौका’ आणि अधिकृत कागदांत ‘आरव्ही’ अशी विभागणी करता येते. मी असतो तर तेच केलं असतं.

प्रीफिक्स हा कायदेशीर नावाचा भाग नसतो, हे कथानकासाठी उपयोगी आहे. जहाजाची खरी ओळख म्हणजे नोंदणी. समुद्रावर आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक असतो. नाव बदला, मालक बदला, झेंडा बदला, तो जन्मभर तोच राहतो. अंतराळातही असंच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १९९८-०६७ए. म्हणजे १९९८ सालच्या सदुसष्टाव्या प्रक्षेपणातला पहिला तुकडा. १९६७ चा अंतराळ करार म्हणतो की ज्या देशाच्या नोंदवहीत वस्तू आहे त्याचा तिच्यावर अधिकार. आणि स्थानकाच्या बाबतीत प्रत्येक भागीदाराने आपापला भाग आपल्याच नोंदवहीत घातलाय, त्यामुळे एका दारातून दुसऱ्या दारात गेलं की नोंदवहीही बदलते. आठ विद्यापीठांचं जहाज, प्रत्येक प्रयोगशाळेची नोंदणी वेगळ्या ग्रहावर, आणि मधल्या बोळात कुणीतरी मरून पडलेलं. जाब कुणाला विचारायचा?

लहान यानांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. जहाजाच्या होड्यांना प्रीफिक्स नसतो, त्या आईच्या नावाने ओळखल्या जातात: ‘अगस्ती एक’, ‘अगस्ती दोन’. पण एखादं यान एका जहाजावरून दुसऱ्यावर जात असेल तर त्याला स्वतःचं नाव मिळतं. वुड्स होलची ‘अल्विन’ ही पाणबुडी १९६४ पासून काम करतेय, दरम्यान तिची जहाजं बदलली, नाव तेच राहिलं. ब्रिटिशांनी २०१६ साली नव्या ध्रुवीय जहाजाचं नाव लोकांना विचारलं, लोकांनी ‘बोटी मॅकबोटफेस’ निवडलं. त्यापुढे ‘आरआरएस’, म्हणजे रॉयल, लावायची कल्पना सरकारला झेपली नाही. जहाजाचं नाव ‘सर डेव्हिड अटेनबरो’ झालं आणि ‘बोटी’ त्यावरच्या छोट्या यानाच्या वाट्याला गेलं. भारदस्त अक्षरांपुढे गमतीचं नाव कसं दिसतं याचा हा चांगला नमुना आहे. तुमच्या कादंबरीत हसू हवं असेल तर ते छोट्या यानांच्या नावांत ठेवा.

नावं तुम्ही विचारली नाहीत, तरी ‘अगस्ती’ ठेवा असा आग्रह करतो. समुद्र पिणारा ऋषी तर आहेच. शिवाय अगस्ती हा तारा ‘व्हॉयेजर’सारख्या यानांनी आपली दिशा धरून ठेवायला वापरला. आणि अंतराळातल्या नावांना संशोधन जहाजांची परंपरा आहेच: ‘अटलांटिस’ शटलचं नाव वुड्स होलच्या जुन्या संशोधन जहाजावरून घेतलं होतं.

तेव्हा पाचांपैकी चार नौकांना निवेदनात ‘वेधनौका’, कागदांत ‘आरव्ही’. पाचवी, जी तुमच्या यादीत सगळ्यात जुनी आहे आणि आरमाराकडून विकत घेतलीय, तिच्यावर नवी अक्षरं रंगवा, पण ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकायच्या कक्षातल्या, पितळी पाटीवर जुनीच राहू द्या. ती कुणी आणि का काढली नाही, हे कप्तानाला कुणीतरी दुसऱ्या प्रकरणात विचारेल.